मोडलेला कणा आणि शस्त्रवैद्याचा संयम

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात शस्त्राच्या विजयाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. हात आवरल्याने काय साधले, हे क्वचितच कोणी सांगतो. कणा मोडून अंग लुळे पडण्याच्या दुखापतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे, म्हणून तो श्रोत्यांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराच्या, एडविन स्मिथच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसरी पपायरसात मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाचे वर्णन आहे. हातापायांतील जाणीव गेलेली, मूत्र नकळत गळते आहे. आणि वैद्याचा निर्णय एवढाच, की या व्याधीवर इलाज करू नये. तीन हजार वर्षांत या निर्णयात फारसा फरक पडला नाही.

१८१४ साली लंडनच्या हेन्री क्लाइनने तो झुगारला. मणक्यांच्या मागच्या कमानी काढून मज्जारज्जूवरील दाब दूर करावा, हा त्याचा विचार तर्कशुद्ध होता. परंतु रुग्ण दगावला. ॲस्टली कूपरने क्लाइनची बाजू घेतली, चार्ल्स बेलने कडाडून विरोध केला. पुढे १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक पद्धती मांडली आणि शस्त्रक्रियेतील पू होण्याचे भय कमी झाले. तथापि चिरडलेला मज्जारज्जू दाब हटविल्याने सांधत नाही. उलट कमानी काढल्याने आधीच खिळखिळा झालेला कणा अधिक डळमळतो, वाकतो. शिवाय मृत्यू येई तो निराळ्याच वाटेने. पहिल्या महायुद्धातील असे शेकडा ८० रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच शय्याव्रणांनी व मूत्रमार्गातील जंतुदोषाने गेले, असे हार्वे कुशिंगने नमूद केले.

हे मर्म लुडविग गुटमानने ओळखले. १९३९ मध्ये नाझी जर्मनी सोडून इंग्लंडात आलेल्या या वैद्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिलचा विभाग आला. घाईने कमानी काढण्यास त्याचा विरोध होता. उशांच्या आधाराने कणा हळूहळू जुळवावा, रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाचे अंग वळवावे, मूत्र निर्जंतुक नळीने काढावे, असा त्याचा दंडक. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ अपंग सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. तिचाच पुढे पॅरालिंपिक झाला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडलबर्गला याच स्पर्धांत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.

मग शस्त्रक्रिया व्यर्थच काय? तसे आम्ही म्हणणार नाही. धातूचे स्क्रू व सळया, प्रतिजैविके यांमुळे आज मोडका कणा स्थिर करता येतो; मज्जारज्जू अंशतः शाबूत असता वेळीच दाब काढल्याने लाभही होतो. परंतु जखम पिकणे, स्क्रू ढिला होणे, मज्जारज्जूभोवतीचा द्रव पाझरणे, पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे धोके टळलेले नाहीत. शय्याव्रण तर खाटेपाशी टपलेलेच असते. शस्त्रक्रिया काही तासांची असते. अंग वळविण्याचे काम मात्र जन्मभराचे, आणि ते परिचारिकेच्या व घरच्या माणसांच्या हाती असते. त्यांना हे काम शिकविल्याविना शस्त्रवैद्याचे कर्तव्य पुरे होत नाही, असाच या इतिहासाचा निर्वाळा आहे.