खुडूक

अंडी घालायची थांबवून ती उबवायला बसलेल्या कोंबडीसाठी आपल्या मराठीत स्वतंत्र शब्द आहे : खुडूक. पिसं फुलवून ती कोपऱ्यात बसून राहते, हात पुढे केला की टोचते. आमच्या घरी नानीला तिचं लक्षण लगेच कळे. पाटीत भाताचा पेंढा घालून ती दहा-बारा अंडी मांडायची आणि भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. एकविसाव्या रेघेला पेंढ्यातून चिवचिव ऐकू येई. या परसातल्या विद्येमागे केवढा मोठा इतिहास आहे, ते मला पुढे वाचनातून कळलं.

पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असं चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये मांडलं. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. शेतातल्या दाण्यांच्या ओढीने रानपाखरू वस्तीजवळ आलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. या वंशावळीत आपल्या सह्याद्रीतल्या पाखराचंही नातं आहे. अनेक कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक तांबड्या नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ मध्ये दाखवून दिलं गेलं. हा राखी कोंबडा फक्त भारतात, सह्याद्रीसारख्या रानांत आढळतो.

कोंबडीविना अंडी उबवण्याची युक्ती माणसाला लवकर सुचली. इजिप्तमध्ये उकिरड्याच्या उबेत अंडी फुटतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तिथे मातीच्या दुमजली भट्ट्या झाल्या. शेण आणि काडीकचरा धुमसत ठेवायचा, अंडी फिरवत राहायची. थर्मामीटर नव्हता, अंडं पापणीला लावून कारागीर त्याची ऊब ओळखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये अंडी उबवण्यावर ग्रंथ लिहिला. इजिप्तने पिरॅमिडपेक्षा या भट्ट्यांचा अभिमान बाळगावा, असं त्याचं मत होतं.

ही सगळी खटपट कोंबडी एकटी करते. छातीची पिसं झडून उघडी पडलेली कातडी ती अंड्यांना लावते, दिवसातून अनेकदा ती उलटते, आणि दाणापाण्यासाठी थोडा वेळच उठते. फुटण्याआधी पिल्लू आतला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन दिवस काढू शकतं. म्हणूनच एका दिवसाचं पिल्लू खोक्यातून दूरवर पाठवता येतं, आणि उबवणी केंद्रांचा सारा धंदा या बलकावर उभा आहे.

आपल्याकडे या धंद्याला वेग आला तो गेल्या शतकात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये पुण्यात वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावठी कोंबडी पन्नास-साठ. कारण उघड आहे. खुडूक बसली की अंडी बंद, म्हणून पैदास करताना खुडूकपणाच काढून टाकला गेला. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे चांगलंच झालं. पण जादा अंडी देणारी ही कोंबडी आई व्हायचं विसरली.

याची किंमत फेब्रुवारी २००६ मध्ये दिसली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातला पहिलाच. मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. साथ रोखायला दुसरा इलाज नव्हता, आणि भरपाईही दिली गेली. पण भरपाई पक्ष्यांच्या संख्येवर ठरते. जिच्या दारच्या पाच कोंबड्या गेल्या, तिच्या वही-पेन्सिलीचा, औषधपाण्याचा हातखर्च गेला. आणि विकत आणलेलं संकरित पिल्लू मोठं होऊन सहसा खुडूक बसत नाही. दर खेपेला पुन्हा विकत आणा!

‘वनराजा’सारख्या परसासाठी तयार केलेल्या जातींची अंडीही खेड्यात गावठी कोंबडीखालीच उबवायला ठेवतात. म्हणून पिल्लं वाटणाऱ्या योजनांनी पिल्लांबरोबर गावात चार खुडूक बसणाऱ्या गावठी कोंबड्या राहतील, एवढं पाहावं. त्यांना मानमोडीची लस वेळेवर मिळावी. मग पुढची पिल्लं त्या बाईच्या पाटीतच निघतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)