हवाई वाहतूक नियंत्रणाचे स्वयंचलन आणि मानवी घटकांचा अभ्यास

दोन विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखणे हे हवाई वाहतूक नियंत्रणाचे मूळ काम. त्यातला यंत्रांचा वाटा जसजसा वाढला, तसतसा एक प्रश्न पुढे आला : माणसाकडे नेमके काय उरते, आणि जे उरते ते त्याला पेलते का? ‘मानवी घटक’ या अभ्यासशाखेत या प्रश्नाचा विचार होतो. तिच्या वाटचालीतील काही टप्पे या पाठात पाहू.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. ब्रिटिश हवाई दलातील रडारचालकांच्या नजरेतून पडद्यावरील खुणा निसटत होत्या. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एका घड्याळावर प्रयोग केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचे प्रमाण वाढत असे. म्हणजे दोष आळसाचा नव्हता. फारसे काही घडत नसताना तासन्‌तास लक्ष ठेवणे माणसाला अवघडच जाते.

१९५१ मध्ये अमेरिकेत पॉल फिट्स यांनी संपादित केलेला अहवाल थेट हवाई वाहतूक नियंत्रणावर होता. माणूस कशात सरस आणि यंत्र कशात सरस, याची त्यातील यादी ‘फिट्स यादी’ म्हणून ओळखली जाते. वेग व पुनरावृत्ती यंत्राकडे, तर तारतम्य आणि अनपेक्षित प्रसंगी मार्ग काढणे माणसाकडे. मात्र यंत्र बंद पडताच माणूस सूत्रे हाती घेईल असे गृहीत धरू नये, असा इशाराही याच अहवालात होता.

१९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलनातील विसंगती दाखवली. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे देखरेख आणि संकटप्रसंग उरतात. रोजचा सराव सुटल्याने कौशल्य गंजते, आणि सर्वांत कठीण क्षणी त्याच कौशल्याची गरज पडते.

पुढे संशोधक प्रत्यक्ष नियंत्रण कक्षात जाऊन बसले. लँकेस्टर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या केंद्रातील कागदी पट्ट्यांचा अभ्यास केला. प्रत्येक उड्डाणाची माहिती असलेली पट्टी हाताने हलवताना आणि तिच्यावर खूण करताना नियंत्रकाचे लक्ष त्या विमानाकडे वेधले जाई. शेजारच्या सहकाऱ्यालाही एका नजरेत परिस्थिती कळे. जुनाट वाटणारा कागद सहकार्याचे साधन होता.

या प्रश्नाची किंमत दोन अपघातांतून कळते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. नियंत्रकाला वैमानिकांच्या सांगण्यावरच विसंबावे लागे. येथे यंत्राची उणीव होती. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगन येथे मात्र यंत्र उपलब्ध होते. रशियन विमानातील टक्करविरोधी यंत्रणेने वर जाण्यास सांगितले, तर झुरिचच्या नियंत्रकाने खाली येण्यास. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान यंत्रणेच्या सूचनेनुसार खालीच येत होते. ७१ जणांचा बळी गेला. त्या रात्री तो नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता आणि देखभालीमुळे इशारा यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालत नव्हती.

या इतिहासातून अभ्यासाची बदलती दिशा दिसते. ‘कोणते काम कोणाचे?’ या प्रश्नाची जागा ‘दोघे मिळून काम कसे करतात, आणि मतभेद झाल्यास कोणाचे ऐकायचे?’ या प्रश्नाने घेतली. ‘मानवी चूक’ हा शब्द चौकशीचा शेवट ठरू नये. ती चूक कोणत्या व्यवस्थेत घडली, हे तपासण्याची ती सुरुवात असते.

विचारासाठी प्रश्न : युबरलिंगनच्या अपघातात फिट्स आणि बेनब्रिज यांचे कोणते मुद्दे लागू पडतात?