टाकीवरचे थर

जुन्नर-आंबेगावात एकेकाळी राजदूतचा फटफट आवाज आला की माणसं म्हणायची, दूधवाला आला. गाडी एस्कॉर्ट्स कंपनीची, पण मूळ नमुना पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलचा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलात ऑइल मिसळूनच भरायचं. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमातल्या छोट्या राजदूतनं शहरातली पोरं वेडी झाली. आमच्याकडं चालायची ती मोठी, दोन्ही अंगाला दुधाचे कॅन लटकवलेली.

या गाडीचा रंग आधी जायचा तो टाकीवरचा. गुडघे घासायचे, झाकणातून पेट्रोल पाझरायचं, वर पश्चिमेकडचा पाऊस. मग मालक नारायणगाव नाहीतर मंचरला जाऊन डुको मारून घ्यायचा. डुको हे खरं तर अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या लॅकरचं नाव, १९२० च्या दशकातलं. आधी मोटारीचा रंग वाळायला कित्येक दिवस जायचे, ते काम या लॅकरनं तासांवर आणलं. कंपनी कुणाला ठाऊक नाही, शब्द मात्र गॅरेजात राहिला. ज्याला डुको परवडत नसे तो बैलगाडीला आणलेला उरला ऑइलपेंट ब्रशानं फासायचा. आमच्या नानांनी तेच केलं होतं.

नाना म्हणजे माझे चुलते. मूळ आंबेगावातून घोडेगावला दूध घालायचे. पुढं डिंभे धरणाच्या पाण्यात ते गाव गेलं. तालुक्याला नाव आंबेगावचं आणि कचेरी घोडेगावला, याचं नव्या माणसाला नवल वाटतं. आम्ही जुन्नरच्या बाजूला आलो, गाडीही आली.

नाना गेल्यावर चुलतभावानं गाडी विकायला काढली. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं, ओरिजनल काळा रंग करून द्या. टाकी उतरवली. तळाला बारीक भोक होतं. पेंटरनं आधी टाकी धुऊन, पाण्यानं भरून मगच जोड मारून घेतला. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते, हे तो चारदा बोलला. आत मूठभर नटबोल्ट टाकून तासभर हलवली, तेव्हा गंजाचं तांबडं पाणी निघालं.

रंग काढायला त्यानं रिमूव्हर न लावता पाण्याचा पेपर घेतला, हे बरं झालं. वरचा पिवळा निघाला, खाली बैलगाडीचा हिरवा लागला आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या वाकड्या अक्षरांत 'आंबेगाव'. गाव उठायच्या आधीचं. अक्षर नानांचंच, ते 'ग' असाच काढायचे.

"दादा, हे ठेवायचं तर कड दिसंल," पेंटर म्हणाला.

चुलतभाऊ गप्प. पैशाची गरज त्याला होती, मला नव्हती. त्यामुळं मी बोलणं बरोबर नव्हतं. तरी मला वाटतं, कारखान्याचा काळा हा कारखान्याचा इतिहास. गाडी तिथं फार दिवस नव्हती.

शेवटी तोच म्हणाला, "दिसू दे कड."

नावाभोवती कागदाची पट्टी लावली, लांबी भरली, प्रायमर आणि काळ्याचे हात दिले, वरून सोनेरी रेघ हातानं ओढली. रेघ नावापाशी येऊन थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते.

गिऱ्हाइकानं टाकी पाहून भाव पाडला. चुलतभावानं गाडी परत गोठ्याशेजारी लावली. दर शनिवारी किक मारतो.