नारायणगावची गणकयंत्रे : प्रोसेसर आणि स्मृती यांच्या मेळाचा इतिहास

गणकयंत्रांच्या इतिहासात प्रोसेसरच्या वेगाची नोंद प्रथम होते आणि स्मृतीची, म्हणजेच रूढ भाषेतील मेमरीची, दखल घेतलीच तर ती पुढे केव्हातरी घेतली जाते. तयार यंत्र विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम गैर नाही; कारण दोहोंचा मेळ घालण्याचे काम कारखानदाराने आधीच केलेले असते. परंतु सुटे भाग जमवून जो स्वतःचे यंत्र उभारतो, त्याला हा क्रम बहुधा उलटा करावा लागतो. जितके आकडे प्रोसेसरपर्यंत वेळेवर पोहोचतात, तितक्यांचेच गणित तो करू शकतो. या विधानाची कसोटी पाहावयाची तर महाराष्ट्रात नारायणगावाइतके सोयीचे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

पुणे-नाशिक रस्त्यावरील हे मीनाकाठचे गाव तमाशाच्या फडांसाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी सर्वपरिचित आहे. त्याच्या पूर्वेस खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, उभारली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व १६ तीन बाहूंवर आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जागतिक वैज्ञानिक समुदायास अर्पण करण्यात आली. तारांच्या जाळीची हलकी व स्वस्त तबकडी हे तिचे वैशिष्ट्य सर्वांस ठाऊक आहे. तबकड्यांनी गोळा केलेल्या संकेतांचे आकाशचित्रात रूपांतर करणाऱ्या गणकयंत्रांची कथा मात्र तितकीशी सांगितली गेलेली नाही.

ही कथा खोडदला सुरू होत नाही. याच संस्थेने मुंबईत १९५० नंतरच्या दशकात स्वतःचे गणकयंत्र बांधावयास घेतले होते. रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने उभारलेले ते यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्याचा शब्द ४० अंकस्थानांचा होता. स्मृती फेराइटच्या कड्यांची असून तिच्यात २,०४८ शब्द मावत. म्हणजे एका अंकास एक कडे या हिशेबाने ८१,९२० कडी, आणि आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट. त्या काळी पाऱ्याच्या नळीतून ध्वनिलहरी फिरवून अंक टिकवण्याची पद्धतही प्रचारात होती. परंतु त्या नळीतून अंक एकामागून एक बाहेर येतात. चाळीसही अंकस्थानांवर एकाच वेळी काम करणाऱ्या गणनविभागास अशी स्मृती जोडली असती, तर त्याला पुढचा अंक येईपर्यंत खोळंबून राहावे लागले असते. कड्यांच्या स्मृतीतून सबंध शब्द एकदम हाती येतो. यास्तव समांतर गणनविभाग आणि फेराइटची स्मृती या दोन स्वतंत्र निवडी नव्हत्या. एका निर्णयाच्या त्या दोन बाजू होत्या.

खोडदला हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. दोन अँटेनांकडील संकेतांचा परस्परसंबंध काढावयाचा, तर एकाच क्षणी आकाशातून निघालेले नमुने एकत्र आणावे लागतात. २५ किलोमीटर अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला ६.६ कोटी नमुने घेतले, तर तेवढ्या अवधीत साडेपाच हजार नमुने जमा होतात. जवळच्या अँटेनाचे नमुने दूरच्या अँटेनाचे येईपर्यंत थोपवून धरणे हे येथील स्मृतीचे पहिले काम होय. गुणाकाराचा प्रश्न त्यानंतरचा. अँटेना ३० असल्या तरी यंत्राची रचना ३२ संकेतस्थानांची धरली, तर ४९६ जोड्या होतात.

आरंभीच्या सहसंबंधकात हे गणित विशिष्ट कामापुरत्या घडवलेल्या चिपांवर सोपविले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने आपल्या व्हीएलबीए या दुर्बीणजालासाठी आखलेली चिप येथे उपयोगात आणली गेली. ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा १६-१६ च्या दोन भागांत हाताळला जाई. अशा चिपेत गणिताचे टप्पे, अंकांची रुंदी आणि बेरजा साठवण्याची जागा ही सारी घडणीच्या वेळीच ठरलेली असतात. त्यामुळे प्रोसेसर आणि स्मृती यांचा मेळ निर्दोष असतो. पण तो एकदाच घालता येतो. काळाचे किंवा वारंवारतेचे अधिक सूक्ष्म विभाजन हवे झाले, अथवा भोवतालच्या वस्तीतून येणारा रेडिओ-उपद्रव गणितातच गाळून टाकावा असे वाटले, तर अशा यंत्रात त्यास वाव फार थोडा.

दुसरी पिढी बाजारात मिळणाऱ्या सामान्य संगणकांची. जयंत रॉय, यशवंत गुप्ता, उए-ली पेन, जेफ्री पीटरसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तिचे वर्णन आहे. पीसीआय खाचेत बसणारी अंकीकरणाची कार्डे, लिनक्सवर चालणारे ४८ संगणक आणि त्यांना जोडणारे दुहेरी गिगाबिट जाळे एवढ्या सामग्रीवर ३२ अँटेनांचे, ३३ मेगाहर्ट्‌झ पट्ट्याचे, दोन्ही ध्रुवणांचे गणित प्रत्यक्ष निरीक्षणाच्या वेळीच पुरे होऊ लागले. यंत्र बाजारातले असले, तरी त्याची जुळणी आणि आज्ञावली घरची होती.

या आज्ञावलीचे वर्णन करताना तिच्या कर्त्यांनी ती कॅशचा काटकसरीने वापर करते हे आवर्जून नमूद केले आहे. त्याचे कारण साध्या अंकगणिताने स्पष्ट होते. ४९६ जोड्यांसाठी सेकंदाला प्रत्येकी ३.३ कोटी गुणाकार, आणि ध्रुवणे दोन; एकंदर सुमारे ३,२७० कोटी संमिश्र गुणाकार. प्रत्येक गुणाकारासाठी दोन संख्या मुख्य स्मृतीतून नव्याने आणल्या आणि प्रत्येक संमिश्र संख्येस ८ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे ५२४ गिगाबाइटची ने-आण करावी लागेल. हा भार ४८ यंत्रांत समान वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्यास जवळजवळ ११ गिगाबाइट येतात. आणि त्या काळच्या डीडीआर२-६६७ जातीच्या स्मृतीची दोन वाहिन्यांवरील कमाल मर्यादा, तीही कागदावरची, १०.७ गिगाबाइट. म्हणजे प्रोसेसर कितीही वेगवान निवडला असता, तरी या मार्गाने काम निभावले नसते.

सुटका गणिताच्या स्वरूपातच होती. प्रत्येक अँटेनाचा नमुना ३१ जोड्यांत लागतो. तो एकदा आणून प्रोसेसरच्या निकट असलेल्या लहानशा कॅशमध्ये ठेवला आणि एकतिसांही जोड्यांचे काम तेथेच उरकले, तर ५२४ गिगाबाइटचे १७ होतात. एका वारंवारता-विभागाच्या सर्व जोड्यांच्या चालू बेरजा, दोन्ही ध्रुवणे धरून, सुमारे ८ किलोबाइटांत मावतात. आणि त्या काळच्या अनेक प्रोसेसरांत पहिल्या पातळीची विदा-कॅश ३२ किलोबाइटांची असे. टिफ्रॅकची संपूर्ण मुख्य स्मृती १० किलोबाइटांची होती, हे येथे आठवावे. पन्नास वर्षांत स्मृती लक्षावधी पटींनी वाढली, तरी जलद गणित शेवटी तेवढ्याच लहान जागेत करावे लागले.

तिसऱ्या पिढीत दुर्बिणीचा पट्टा ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. म्हणजे गणिताचा भार बारा पट झाला. अंकीकरण आणि संकेतांचे गठ्ठे बांधण्याचे काम एफपीजीए या पुनर्रचनाक्षम चिपांच्या पट्ट्यांकडे गेले, आणि रूपांतर व गुणाकार ग्राफिक्स प्रोसेसरांकडे, म्हणजेच जीपीयूंकडे. जीपीयूची निवड सामान्यतः त्याच्या गणनशक्तीने समजावली जाते. परंतु त्याची स्वतःची, रुंद वाहिन्यांची स्मृती हे तितकेच महत्त्वाचे कारण मानावे लागते. त्या काळच्या टेस्ला के४० या जीपीयूवर १२ गिगाबाइट स्मृती असे आणि तिचा वेग सेकंदाला २८८ गिगाबाइट. मुख्य संगणकाकडून तिच्याकडे येणारा पीसीआय एक्सप्रेसचा मार्ग मात्र सुमारे १६ गिगाबाइटांचा. अठरा पट अरुंद वाटेने आलेला नमुना एकदा आत आला, की त्याचा पुरेपूर उपयोग करून घेणे भागच होते. येथेही ३१ जोड्यांचा पुनरुपयोग कामी आला.

प्रत्येक टप्प्यावर काही लाभले, तसे काही सोडावेही लागले. विशिष्ट चिपेने थोड्या विजेत ठरावीक काम बिनचूक दिले. स्वातंत्र्य दिले नाही. सामान्य संगणकांनी स्वातंत्र्य दिले. कच्चे संकेत तबकड्यांवर साठवून त्यांच्यावर मागाहून निराळे गणित करण्याची सोयही झाली. मात्र त्याची किंमत म्हणून बाजारातील प्रोसेसर, खाचा आणि स्मृतीच्या पिढ्या यांचे वेळापत्रक वेधशाळेस स्वीकारावे लागले. बाजारातील भागाची पिढी काही वर्षांत सरते. दुर्बीण दशकानुदशके चालावयाची असते. म्हणून टिकाऊ ठेव ठरते ती यंत्राची नव्हे, तर आकडे कोठून कोठे आणि किती वेळा जातात हे सांगणाऱ्या हिशेबाची.

घरी संगणक जुळवणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा प्रश्न प्रमाणाने लहान असला, तरी जातीने हाच आहे. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. एएमडीच्या २०२२ मधील एएम५ बैठकीस डीडीआर५ च लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीस दोन्ही चालतात, पण कोणती हे मदरबोर्ड ठरवतो. दोन वाहिन्यांच्या प्रोसेसरास एकच पट्टी दिली, तर स्मृतीची अर्धी वाट बंद राहते. हे नियम दुकानदारही सांगतो. दुकानात जाण्यापूर्वी करावयाचा विचार मात्र खोडदच्या इतिहासातून मिळतो: काम कोणते, त्यातील प्रत्येक आकडा किती वेळा लागणार, आणि तो कोणत्या वाटेने येणार, हे प्रथम ठरवावे. प्रोसेसरचे नाव त्यानंतर लिहावे आणि त्याच ओळीत स्मृतीचेही लिहावे.