भाजलेल्या भाज्यांचा साल्सा : चव तव्यावरची, मुदत चार दिवसांची

मेक्सिकन उपाहारगृहात मक्याच्या चिप्सबरोबर वाटीत येणारे लालभडक तोंडीलावणे म्हणजे साल्सा, एवढी ओळख शहरी खवय्यांना आता नवी राहिलेली नाही. ‘साल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ मात्र केवळ सॉस असा आहे आणि मेक्सिकोत त्या एका नावाखाली अनेक प्रकार मोडतात. टोमॅटो, कांदा, मिरची कच्चीच बारीक चिरून कालवलेला ‘पिको दे गायो’ हा कोशिंबिरीच्या जवळचा. याउलट भाज्या आधी तव्यावर किंवा निखाऱ्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून मग वाटलेला ‘साल्सा तातेमादा’ वांग्याच्या भरिताशी नाते सांगतो. घरी करण्यास हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा आहे. वर्षभर मिळणाऱ्या, फारशा चवदार नसलेल्या टोमॅटोंनाही भाजल्यामुळे रूप येते.

या पदार्थाचे मूळ स्पॅनिश आगमनाच्या फार मागे जाते. 1519 मध्ये स्पॅनिश सैन्य मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तेथे टोमॅटो आणि मिरची नित्याच्या आहारात होती. ‘टोमॅटो’ आणि ‘चिली’ हे दोन्ही शब्द तेथील नाहुआत्ल भाषेतूनच जगभर गेले. बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात तेथील लोकजीवनाची जी तपशीलवार नोंद करून ठेवली, तीत बाजारात मिरची-टोमॅटोची तयार कालवणे विकणाऱ्यांचाही उल्लेख आहे. कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू ही त्यातील आजची भर मात्र स्पॅनिशांबरोबर आली. मिरची त्याच काळात उलट्या दिशेने निघाली आणि पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. ठेचा आणि साल्सा यांचे साम्य त्यामुळे निव्वळ योगायोगाचे नाही.

साधनेही ओळखीची वाटावीत अशी आहेत. भाजण्यासाठी ‘कोमाल’ नावाचा सपाट तवा आणि वाटण्यासाठी ‘मोल्काहेते’ ही ज्वालामुखीच्या खडकाची, तीन पायांची खरबरीत कुंडी. घरी बिडाचा जाड तवा आणि खलबत्ता यांनी हे काम उत्तम होते. नॉनस्टिक तवा वापरू नये. रिकाम्या तव्याला द्यावी लागणारी प्रखर आच त्याच्या थराला मानवत नाही.

साहित्य : लांबट, गरदार, पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, मध्यम कांदा एक, न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या चार-पाच, हिरव्या मिरच्या दोन ते चार, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस आणि मीठ. तेल अजिबात नको.

तवा चांगला तापल्यावर टोमॅटो अखंडच ठेवावेत. फुटलेल्या टोमॅटोचा आंबट रस बिडाच्या तव्याचा तेलकट थर उतरवतो, म्हणून तव्यावर ॲल्युमिनियमचा पातळ कागद पसरण्याची युक्ती मेक्सिकोतील घरांतही वापरली जाते. कांद्याच्या जाड चकत्या, लसूण आणि मिरच्या कडेला मांडाव्यात. मिरचीला आधी चीर द्यावी, नाहीतर ती फुटून बिया उडतात. लसूण दहा मिनिटांत मऊ होतो, मिरच्यांना त्याहून कमी वेळ लागतो. टोमॅटो चिमट्याने फिरवत पंधरा मिनिटांपर्यंत भाजावे लागतात. साल काळी पडून सुटू लागली आणि आतला गर मऊ झाला की पुरे. घाई करून आच फार वाढविली तर वरून कोळसा आणि आत कच्चा गर अशी अवस्था होते.

या भाजण्यात नेमके काय घडते? पाण्याचा काही अंश उडून जातो, सालीजवळची साखर तपकिरी होते आणि चव घट्ट व गोडसर बनते. लसणाचा झणका पाकळी चिरल्यावर किंवा ठेचल्यावर एका विकराच्या क्रियेतून निर्माण होतो. अखंड पाकळी सालीसकट भाजली की तो विकर निकामी होतो आणि लसूण सौम्य लागतो. मिरचीचे मात्र तसे नाही. तिचा तिखटपणा देणारे कॅप्सायसिन घरगुती आचेने नाहीसे होत नाही. तिखट कमी हवे असेल तर बियांना चिकटलेला आतला पांढरा भाग काढावा, कारण कॅप्सायसिन मुख्यतः त्यातच असते. तोंड भाजलेच तर पाण्याऐवजी दूध किंवा ताक प्यावे.

वाटण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम लसूण, मीठ आणि मिरची, मग कांदा, शेवटी टोमॅटो. सगळी काळी साल सोलून टाकणे ही सर्वसाधारण चूक. धुराची चव तिच्यातच असते. अगदी जळालेले पापुद्रे तेवढे काढावेत. मिक्सर वापरायचा तर थांबत-थांबत दोन-तीन वेळाच फिरवावा. गुळगुळीत वाटला की साल्सा आणि टोमॅटो सॉस यांत फरक उरत नाही. कोथिंबीर आणि लिंबाचा रस मिश्रण गार झाल्यावर घालावा.

येथवरचे काम अर्ध्या तासाचे. खरी सावधगिरी पुढे, साठवणुकीत लागते. लोणच्याची सवय असलेल्या घरात साल्साही बरणीत भरून, वर तेलाचा थर देऊन ठेवण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. लोणचे टिकते ते भरपूर मीठ आणि आंबटपणा यांच्या बळावर. साल्सात मीठ चवीपुरते आणि पाणी पुष्कळ असते. टोमॅटोची आम्लता जेमतेम, तर कांदा, लसूण आणि मिरची त्याहूनही कमी आंबट. अशा मिश्रणावर तेलाचा थर दिला किंवा ते हवाबंद केले, की ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूला हवी तशी प्राणवायूविरहित जागा मिळते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि त्याचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते. पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळता न येणे ही सुरुवातीची लक्षणे बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात. अशा वेळी रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको. 1977 मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका मेक्सिकन उपाहारगृहात जेवलेल्या 59 जणांना ही विषबाधा झाली. घरगुती पद्धतीने डबाबंद केलेल्या हालापेन्यो मिरच्या तिला कारणीभूत होत्या. दूषित पदार्थाला वास येईलच असे नाही, हे त्यातील अधिक भयावह.

आम्लतेचा निर्देशांक, म्हणजे पीएच, 4.6 च्या खाली असल्यास हा जिवाणू वाढत नाही. पण घरच्या साल्सात तो किती आहे, हे चवीवरून कळत नाही. शिवाय भाजताना भाज्यांतील पाणी किती उडाले, यावर मिश्रणाचे प्रमाण दर वेळी बदलते. लिंबू थोडे जास्त पिळल्याने किंवा कुकरच्या चार शिट्ट्या काढल्याने बरणी सुरक्षित झाली, असे मानू नये. साल्सा झाकणाच्या काचेच्या भांड्यात भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. ओला चमचा घालू नये.

अधिक केला असेल तर लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवावा. दोन-तीन महिने चव बरी राहते. बर्फ उतरवायचा तो ओट्यावर नव्हे, फ्रीजमध्येच. वितळल्यावर पाणी सुटते आणि कोथिंबीर मलूल होते. असा साल्सा गार खाण्यात मजा नाही. चमचाभर तेलात तो दाटसर होईपर्यंत परतावा आणि मक्याच्या पोळीवर ठेवलेल्या तळलेल्या अंड्यांवर ओतावा. मेक्सिकोत हा न्याहारीचा प्रकार ‘हुएवोस रांचेरोस’ या नावाने प्रसिद्ध आहे.