चयापचय लक्षणसमूह
पोटाचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि कमी झालेले एचडीएल कोलेस्टेरॉल यांपैकी किमान तीन गोष्टी एकत्र आढळणारी अवस्था. मुळाशी बहुधा इन्शुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद असतो. जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्ये यांतील बहुतेक गोष्टींची सांगड मांडली. पुढे मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

यवतमाळसारख्या कष्टकरी, कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा खात्यापित्यांचा आजार समजणे घातक ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले, की कमी वजनाच्या भारतीय नवजात बाळांतही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. वजन कमी असले तरी चरबी जास्त असू शकते, म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप महत्त्वाची: शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर पोटाच्या घेराचे माप घ्यावे. पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंमी. ही मर्यादा. आशा कार्यकर्ती तिशीपुढील व्यक्तींचा जो तपासणी अर्ज भरते, त्यातही हे माप असते.

विदर्भात सर्रास चघळल्या जाणाऱ्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे या आजाराच्या संदर्भात दुर्लक्ष होते, ते होऊ नये. त्यातील तंबाखू हृदयाला मारक आहेच. सुपारीचाही या लक्षणसमूहाशी संबंध तैवानमधील अभ्यासांत आढळला आहे.

उपचारात आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालणे, स्थूल व्यक्तींनी 5 ते 10 टक्के वजन घटवणे, साखर-तेल-मीठ कमी करणे, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, डाळ व भाजी वाढवणे हे मुख्य. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.