स्मारक बाटल्या, व्हिस्कीच्या
एखादी घटना, स्थळ, व्यक्ती वा संस्था यांच्या स्मरणार्थ खास आकारात घडविलेल्या व व्हिस्की भरून विकलेल्या शोभिवंत बाटल्या. मद्य संपल्यावरही त्या संग्राह्य मानल्या जातात. या प्रकाराचा मोठा विस्तार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे त्या मुख्यतः बर्बन व्हिस्कीसाठी वापरण्यात आल्या.

इतिहास : केंटकी राज्यातील जिम बीम या मद्योत्पादक संस्थेने १९५० नंतरच्या दशकात सणांच्या विक्रीसाठी शोभिवंत बाटल्या काढण्यास प्रारंभ केला. १९५५ पासून रीगल चायना या इलिनॉय राज्यातील कारखान्याने तिच्यासाठी चिनी मातीच्या बाटल्या बनविल्या. अलास्का व हवाई यांना १९५९ मध्ये घटक राज्याचा दर्जा मिळाला. त्या सुमारास त्यांच्या स्मारक बाटल्या निघाल्या व पुढे इतर राज्यांच्याही आल्या. संग्राहकांची मंडळे स्थापन झाली. इतर उत्पादकांनीही हा मार्ग अनुसरला. वाइल्ड टर्की या नाममुद्रेची टर्की पक्ष्यांची मालिका १९७१ मध्ये सुरू झाली. तथापि उत्पादन इतके वाढले की दुर्मिळता उरली नाही आणि बहुतेक बाटल्यांचे मोल घसरले.

स्वाद : बाटलीच्या आकाराचा मद्याच्या स्वादाशी संबंध नसतो. बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. बाकी भाग बहुधा राय व माल्ट केलेल्या बार्लीचा असतो. मक्यामुळे गोडसर, तर रायमुळे मसालेदार छटा येते. ऊर्ध्वपातित मद्य आतून जाळलेल्या, ओक लाकडाच्या नव्या पिंपात मुरविताना लाकडातून व्हॅनिला व जळक्या साखरेसारखा स्वाद, तुरटपणा आणि तांबूस रंग उतरतो. बाटलीत भरल्यानंतर मुरणे थांबते. म्हणून न उघडलेल्या बाटलीत मूळ स्वाद दीर्घकाळ टिकू शकतो.

मात्र हे संरक्षण पूर्ण नसते. बूच सुकल्यास किंवा ठिसूळ झाल्यास मद्यार्क उडून जातो व मद्य फिके पडते. चिनी माती अपारदर्शक असल्याने ही घट बाहेरून दिसत नाही. वजनावरूनच तिचा अंदाज येतो. काही बाटल्यांच्या झिलईत वा रंगात शिसे असते आणि ते दीर्घ संपर्काने मद्यात उतरू शकते. त्यामुळे असे मद्य परीक्षणावाचून पिणे धोक्याचे ठरते.

केंटकी राज्यात १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार खाजगी व्यक्तींकडील जुने, न उघडलेले मद्य परवानाधारक विक्रेत्यांना खरेदी करून विकता येते. त्यामुळे मूल्यमापनाची दृष्टी पालटली आहे. रिकाम्या बाटलीला फारशी किंमत येत नाही; पण जिची मोहोरपट्टी शाबूत आहे अशी बाटली त्या काळच्या बर्बनचा नमुना म्हणून शोधली जाते. शोभेसाठी जपलेल्या या वस्तूंचे महत्त्व अशा रीतीने आकाराकडून आतील मद्याकडे सरकले आहे.